सहावा मुद्दा

मे महिन्यातला शेवटचा रविवार. सकाळी आठालाच ऊन अंगाला चिकटायला लागलं होतं. सोसायटीच्या फाटकाशी प्लॅस्टिकचं टेबल टाकून मी सह्या गोळा करत बसले होते. आमच्या भिंतीला लागून असलेल्या मोकळ्या रानात मोठा गृहप्रकल्प येतो आहे. उंच इमारती, हजारेक घरं. चहूबाजूंनी पत्रे ठोकून झालेत, आत पोकलेन येऊन उभे आहेत. त्याविरुद्धच्या हरकतींचं निवेदन कमिटीने तयार केलं होतं आणि त्याचा कच्चा मसुदा माझाच होता. पाच मुद्दे: पाणी, रस्ता, सांडपाणी, शाळा-दवाखाने, धूळ आणि आवाज. फाटकाबाहेर गुलमोहराखाली भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींचीही सही घ्यावी, त्या तर मूळच्या इथल्याच, असं मनात आलं. कागद घेऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "वाचून दावा," त्या म्हणाल्या. मी वाचत गेले, त्या माठाच्या जुडीची मुळं खुडत ऐकत राहिल्या. पाचवा मुद्दा संपला तरी त्या माझ्याकडे बघतच होत्या, जणू अजून काही राहिलंय. मग म्हणाल्या, "ह्यात हिरीचं कुटं हाय?"

"कुठली विहीर, मावशी?"

त्यांनी पत्र्यांकडे बोट केलं नाही. त्यांचा हात आमच्या फाटकाच्या आत, बी विंगच्या दिशेने गेला. "तुमच्या गाड्या लागत्यात न्हवं का खाली, तितं." एवढं बोलून त्यांनी लुगड्याला हात पुसला, पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. मी काहीतरी आभाराचं पुटपुटले असेन. "सहीचं काय, ताई," त्या म्हणाल्या, "म्या हक्कसोडवर बी केली हुती."

सही मिळाली. पण दिवसभर कशात मन लागेना.

पुण्याजवळच्या सुसला आम्ही २००८ साली राहायला आलो. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. गाव महापालिकेत गेलं ते ३० जून २०२१ ला, इतर बावीस गावांबरोबर. पाषाणवरून खिंड ओलांडून इकडे उतरलं की हवा बदललेली कळायची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीचा उतार, एक ओढा आणि पलीकडे भाताची दोन-तीन खाचरं दिसत. मुळशीकडचा भात फुलोऱ्यावर आला की संध्याकाळी खिडकीतून आंबेमोहोराचा वास यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं शेजारी कुणाकडे भात शिजतोय. पहिल्या पावसानंतर बेडकांचा एवढा गलका की फोनवर बोलणं ऐकू येत नसे. जूनच्या सुरुवातीला ओढ्याकाठच्या उंबरावर काजवे लागायचे. घर घेताना हातात आलेल्या पत्रकावर निसर्गाच्या कुशीत असं छापलेलं होतं, आणि त्या वर्षी ते खरंच होतं. त्या कुशीत आमची इमारत उभी राहताना काय काय बाजूला सारलं गेलं, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेही सुचलं नाही.

टँकर मात्र पहिल्याच उन्हाळ्यात आला. बोअर आटली. रात्री दोन वाजता रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा आवाज, मग काँक्रीटवर जाड पाइप आपटल्याचा धप्प आवाज, मग डिझेल पंपाची अर्धा तास घरघर. पुढची अनेक वर्षं माझी झोप या तीन आवाजांत विभागलेली होती. मी बराच काळ सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे टँकरची वही माझ्याकडे असे. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, वॉचमनची सही. कधी पाण्याला गंजाचा वास, कधी शेवाळाचा. आंघोळीच्या बादलीचा तळ दिसतो की नाही हे आधी बघायची सवय लागली, ती पाहुणी म्हणून कुणाकडे गेले तरी सुटत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळायला लागले आणि तिथल्या विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा आमच्याकडेही घरोघर पाणी उकळायला लागलं. गॅसवर पातेलं चढवताना मनात येई, हे पाणी कुठल्या विहिरीतलं, तिच्या आसपास कुणाचं सांडपाणी मुरतंय, हे आपल्याला कोण सांगणार आहे? टँकरवाल्याला विचारलं तर तो हाताने नुसतीच एक मोठी दिशा दाखवतो.

म्हणून नव्या प्रकल्पाची बातमी आली तेव्हा मी पहिल्यांदा पाण्याचाच हिशोब मांडला. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. अशा प्रकल्पांत त्यातलं ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून, आणि उरलेलं ९० लिटर ताजं. घरटी पाच माणसं धरली तर हजार घरांना रोज ४,५०,००० लिटर ताजं पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरचे ४५ टँकर. जाऊन येऊन ९० फेऱ्या, त्याही आमच्या या रस्त्यावरून, जिथे समोरून स्कूलबस आली तर दुचाकीवाल्याला गटारीच्या कडेवर पाय टेकून थांबावं लागतं. महापालिकेची लाइन पुरेशी येईपर्यंत पाण्याची सोय आपणच करू, असं हमीपत्र बांधकाम व्यावसायिक लिहून देतात. ते हमीपत्र किती वर्षं पुरतं आणि बिल्डर सोसायटीच्या हाती कारभार देऊन गेला की ते कुणाचं होतं, हे आमच्यासारख्या टँकरची वही ठेवणाऱ्यांना पाठ आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, चारही धरणं भरली तर साठा होतो सुमारे २९ टीएमसी. त्यातच हे वाढतं शहर आणि त्यातच दौंड-इंदापूरपर्यंतची शेती. आमची तहान वाढली की तिकडे कुणाचं तरी आवर्तन लांबतं.

आणखी एका गोष्टीने मला धक्का बसला. मला वाटत होतं, एवढा मोठा प्रकल्प म्हणजे जनसुनावणी होणार. मांडवात खुर्च्या मांडतील, अधिकारी बसतील, आपण उठून बोलू. मी तर काय बोलायचं तेही वहीत लिहून ठेवलं होतं. मग १४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना मुळातून वाचली. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण परवानगी लागते, पण त्याच अधिसूचनेत इमारती, बांधकाम प्रकल्प आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून सरळ वगळलेलं आहे. परवानगी मिळाली की तसं दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापायचं, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. एवढंच. म्हणजे शेजाऱ्याला कळतं ते सगळं ठरून झाल्यावर, आतल्या पानावरच्या एका चौकटीतून. ते वाचून झाल्यावर मी वहीतलं माझं भाषण एकदा वाचलं आणि वही मिटली. कारखान्याच्या शेजाऱ्याला बोलता येतं, खाणीच्या शेजाऱ्याला बोलता येतं, मग हजार घरांच्या शेजाऱ्याला का नाही? पाणी, रस्ता, ओढा हे सगळं तर त्याच्याही आयुष्यातून जाणार असतं. हे मला आजही पटलेलं नाही.

आणि तरी त्या हजार घरांविषयी माझ्या मनात राग नाही. माझ्या भाच्याने असंच एक घर बुक केलंय, वाघोलीकडे, एकोणिसाव्या मजल्यावर. वीस वर्षांचं कर्ज. त्याची बायको मला मोबाइलवर रिकाम्या खोल्यांचे फोटो दाखवत होती, इथे पाळणा, इथे आईंचा देव्हारा. ते बघताना मला माझं २००८ आठवलं. वाघोलीत त्याच्या इमारतीच्या शेजारीही कुणीतरी टेबल टाकून सह्या घेतल्या असतील. आमच्या निवेदनात 'नव्याने येणाऱ्या लोंढ्यामुळे' असे शब्द एकाने घातले होते. मी ते खोडले. तेव्हा मला वाटलं, माझं काम झालं.

मावशींच्या विहिरीने ते राहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विहीर त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी बहात्तरच्या दुष्काळात पाडलेली. मावशी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. सुरुंग उडाला की पोरांना लांब वडाखाली नेऊन बसवत, मग खाली उतरून फोडलेला दगड घमेल्यांतून वर काढायचा. "पाणी लागलं त्या दिशी बाप वर आलाच न्हाय लवकर. खालीच बसून ऱ्हायला. आईला वाटलं, काय झालं." मग आईने वरून हाक मारली तर खालून हसण्याचा आवाज आला. पुढे सातबाऱ्याला विहिरीची नोंद लागली, तेव्हा वडिलांनी तो कागद गावात चार जणांना दाखवला होता. ह्या मातीत त्यांच्या घरावर पाण्याची एक जुनी जखमही आहे. मावशींच्या आजीचं माहेर वरच्या खोऱ्यातलं, मुळशीच्या धरणात गेलेलं. १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबर 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे त्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले, त्यांच्यात आजीचे कुणी होते की नव्हते हे मावशींना ठाऊक नाही. आजी एवढंच सांगायची, की आमचं पाणी डोंगराखाली कोकणात जाऊन दिवे लावतं. "म्हून बापाला वाटायचं, एक हीर तरी आपली असावी. तिला कुणी उचलून न्हेणार न्हाय." वडील गेले, भावांनी जमीन विकायचं ठरवलं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन मावशींनी हक्कसोडपत्रावर सही केली. नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या तेव्हा विहिरीच्या जागी आमचा पाया खोदत होते.

हे त्यांनी कुठल्याही तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भावांना दोष दिला नाही, आम्हालाही नाही. पैसे आले, पुतण्याचं शिक्षण झालं, घर पक्कं झालं. मध्येच एक बाई आली, तिला शेपूच्या दोन जुड्या दिल्या, सुट्टे मोजून घेतले आणि पुन्हा विहिरीकडे आल्या. तिला पायऱ्या होत्या अकरा. पूर्वेच्या अंगाला झरा. एप्रिलात सगळीकडे खडखडाट झाला तरी या झऱ्याचं पाणी बोटभर धारेने चालू असायचं.

पूर्वेच्या अंगाला.

संध्याकाळी मी तळघरातल्या पार्किंगमध्ये गेले. बी विंगच्या खाली, पूर्वेच्या कोपऱ्यात, शेवटच्या दोन गाड्यांच्या मागे एक लोखंडी झाकण आहे. त्याच्या खाली चार फुटी खड्डा आणि त्यात सबमर्सिबल पंप. दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर त्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, खड्डा भरतो, पंप आपोआप सुरू होतो आणि पाणी पाइपाने फाटकाबाहेरच्या गटारीत जातं. आमच्याकडे याला तळघराची गळती म्हणतात. तीनदा वॉटरप्रूफिंग केलं. भिंतीला भोकं पाडून रसायन भरलं, वरून गिलावा केला, दहा वर्षांची हमी घेतली, आणि पुढच्या जुलैत पाणी हातभर बाजूने आलं. तिन्ही वेळा चेक मी सही केलेले. घरी येऊन जुन्या फाइली काढल्या. एका वर्षी ऑगस्टमध्ये एकाच तारखेची दोन व्हाउचर लागोपाठ लावलेली दिसली, एक टँकरच्या पाण्याचं, दुसरं तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या दुरुस्तीचं. माझंच अक्षर. त्या दिवशी मला त्यात काहीच वेगळं दिसलं नव्हतं.

मावशींच्या मागे लागून मी पत्र्यांपलीकडची विहीरही बघून आले. होय, तिकडेही एक आहे, त्यांच्या चुलत्यांच्या वाटणीतली. एका ठिकाणी पत्रा वाकलेला आहे, मावशी तिथून माझ्याआधी सहज आत गेल्या. आत घाणेरीचं रान माजलेलं, ओढ्याच्या एका अंगाला मुरमाचे ढीग. विहिरीत राडारोडा टाकायला सुरुवात झालेली. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, सिमेंटच्या गोण्या. पण निम्म्याच्या वर अजून पाणी होतं, काळंशार, आणि त्यावर वाकलेल्या बाभळीच्या फांदीला सुगरणींची घरटी लटकत होती. काही पूर्ण, काही अर्धवट, हिरव्या गवताची, म्हणजे त्याच आठवड्यात विणायला घेतलेली. एक नर चोचीत लांब पातं धरून आला, फांदीला उलटा लटकला आणि काम करायला लागला. मुकादम ओरडत आला तेव्हा मावशी त्याला म्हणाल्या, "बापाची हीर बगाया आले." तो गप्प झाला. मध्य प्रदेशातला मुलगा होता, त्याने आम्हाला दहा मिनिटं थांबू दिलं.

मग मी सहावा मुद्दा लिहिला. प्रकल्पाच्या जागेवर गाव नकाशात दिसणारा ओढा आहे तसाच वाहू द्यावा, सरळ करून बंद पाइपात घालू नये. विहीर बुजवू नये, साफ करून ठेवावी, तिच्या भोवतालची जमीन फरशीविना राखावी. पाणी आधी मोजावं, जमिनीवरचं आणि जमिनीखालचं दोन्ही, आणि मग घरं किती ते ठरवावं. आणि शेवटी एक वाक्य: आमच्या सोसायटीच्या बांधकामातही अशीच एक चालू विहीर बुजली आहे, त्याचे परिणाम आम्ही दरवर्षी भोगत आहोत, म्हणून आम्ही हे अनुभवाने सांगत आहोत.

त्या एका वाक्यावर कमिटीची सभा दोन तास चालली. एकजण म्हणाले, इमारतीखाली विहीर आहे असं आपणच लिहून दिलं तर उद्या घराला गिऱ्हाईक येणार नाही. दुसऱ्यांना वाटलं, आपण त्यांच्याकडे बोट दाखवतोय तर ते आपल्याकडे दाखवतील. ज्यांचं घर विकायला काढलंय ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत होते. मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करायचेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे बघून माझा आवाज खाली आला. शेवटी ओढ्याचा आणि नव्या जागेवरच्या विहिरीचा मुद्दा राहिला. आमच्या विहिरीचं वाक्य गेलं. मी हात वर करून त्या मसुद्याला संमती दिली. ते बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. निवेदन दिलं, पोच घेतली, तिच्यावर शिक्का आहे.

मावशींना मी हे सांगायचं टाळत होते. जून गेला. पाऊस लागला आणि त्यांच्या टोपलीत टाकळा, कुर्डू, फोडशी दिसायला लागली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवस झड लागून उघडीप झाली त्या सकाळी, तळघरातला पंप सुरू झाल्याचा आवाज आला. मी पिशवी घेऊन खाली उतरले. फाटकाबाहेर आमचा पाइप गटारीत जिथे पडतो तिथून मावशींची बसायची जागा जेमतेम पाच पावलांवर आहे. इतकी वर्षं मी हे रोज बघत होते. मावशी उठल्या, तांब्या पाइपाखाली धरला, भरला, आणि परत येऊन टाकळ्याच्या वाट्यांवर हाताने पाणी शिंपडलं.

"मावशी, ते पाणी आमच्या..." मी म्हणाले, आणि पुढे कसं म्हणावं ते कळेना. "निवेदनात तुमच्या विहिरीचं राहिलं नाही. काढायला लावलं त्यांनी."

"व्हय?" त्या म्हणाल्या. उरलेलं पाणी त्यांनी स्वतःच्या हातावर घेतलं, तोंडावरून फिरवलं. "पयल्या वर्षी तुमचा पाइप सुटला न्हवं का, तवाच म्या वळखलं हुतं. म्हून तर हितं बसती." मग त्यांनी तांब्या माझ्यापुढे केला. "हात लावून बगा, ताई. किती गार हाय."

मी हात पुढे केला.